मधली पायरी: लॅटिन, गोवा आणि मूळ ग्रंथ वाचण्याची सवय

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की गोंदियात बसून लॅटिनवर बोलायचं म्हणजे काय? आपल्याकडे धानाचे भाव, पाण्याचा प्रश्न, बेरोजगार पोरं, एवढं सगळं असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखकांशी आपलं देणंघेणं काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून तर व्याख्यान. पण सुरुवातीलाच सांगून ठेवतो, की आजचा विषय लॅटिन भाषा हा निमित्तापुरता आहे. खरा विषय आहे तो कुठलीही जुनी भाषा शिकताना येणारी मधली पायरी, आणि ती चढणारा माणूस व न चढणारा माणूस यांत पुढे पडणारा फरक.

मधली पायरी म्हणजे काय ते आधी स्पष्ट करू. भाषा शिकायला घेतली की पहिलं वर्ष बरं जातं. शब्द पाठ होतात, रूपं पाठ होतात, 'राजा सुंदर आहे', 'मुलगी फूल देते' अशी वाक्यं जमतात. मग मास्तर खऱ्या लेखकाचं पुस्तक हातात देतात आणि सगळं अडतं. प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो, वाक्य मात्र उघडत नाही. व्याकरण संपलेलं असतं आणि वाचन सुरू झालेलं नसतं. संस्कृत शिकलेल्यांना हे ठाऊक आहे. 'रामः रामौ रामाः' हजारोंना येतं, कालिदासाचं एक पान स्वतःच्या बळावर वाचणारे त्यांतले किती? बहुतेक माणसं भाषा सोडतात ती याच पायरीवर. आरंभी कोणी सोडत नाही, आणि शेवटापर्यंत गेलेला तर सोडतच नाही.

आता लॅटिनमध्ये ही पायरी अवघड का, ते पाहू. लॅटिनमध्ये शब्दाचं वाक्यातलं काम त्याच्या शेवटावरून कळतं, जागेवरून नाही. 'मातेर फिलियाम वोकात' म्हणजे आई मुलीला हाक मारते. शब्द उलटेसुलटे करा, 'फिलियाम मातेर वोकात' म्हणा, अर्थ तोच. हाक मारणारी आईच, कारण 'फिलियाम'मधला शेवटचा 'म' सांगतो की ही द्वितीया आहे. इंग्रज मुलाला याचा फार त्रास होतो, कारण त्याच्या भाषेत शब्दाची जागा बदलली की कर्त्याचं कर्म होतं. आपल्याला तसा त्रास व्हायचं कारण नाही. 'आई मुलीला हाक मारते' आणि 'मुलीला आई हाक मारते' हे आपण रोज बोलतो. शिवाय लॅटिन गद्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं, मराठीतही येतं. सीझरचं लांबलचक वाक्य वाचताना शेवटच्या शब्दापर्यंत दम धरावा लागतो; मराठी माणूस जन्मापासून तो दम धरून बोलतोय.

आणखी एक गंमत. लॅटिनमध्ये पाच मुख्य विभक्त्या आणि संबोधन. त्यांतली जी शेवटची, तिच्यात आपल्या संस्कृतातल्या तीन विभक्त्यांची कामं एकत्र आली आहेत: तृतीया, पंचमी आणि सप्तमी. 'ने', 'हून' आणि 'त' एकाच रूपात. इंग्रजी पुस्तकांत या विभक्तीचे उपयोग समजावायला पानंच्या पानं खर्च होतात. संस्कृत थोडं जरी आलं तरी आपण म्हणतो, अरे, ही तर तीन नद्यांची एक झालेली! आणि जिथे इंग्रज विद्यार्थी हमखास अडखळतो, ती 'सोले ओरियेन्ते' म्हणजे 'सूर्य उगवत असता' ही रचना तर आपली सती सप्तमीच आहे. 'सूर्ये अस्तं गते' शिकलेल्या पोराला ती नव्याने शिकवावी लागत नाही.

शब्दांचं तर विचारूच नका. अग्नीला 'इग्निस', नावाला 'नोमेन', दाताला 'देन्स', रात्रीला 'नोक्स', म्हणजे आपलं 'नक्त'. आपल्या बांध्यांवरचे दोन शब्द घ्या. बैलांच्या मानेवर ठेवतो ते जू. संस्कृतात 'युग', लॅटिनमध्ये 'युगुम'. बंडीच्या दोन चाकांमधला आस. संस्कृतात 'अक्ष', लॅटिनमध्ये 'अक्सिस'. हे शब्द इकडून तिकडे उसने गेलेले नाहीत. फार जुन्या एका घरातून दोन भावांनी आपापल्या वाट्याला नेलेली भांडी आहेत ती.

हे सगळं आज आपण सहज बोलतो, पण ते पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यातला एक माणूस आपल्याच किनाऱ्यावर बसून लिहीत होता. तिथपर्यंत जायचं तर गोव्याला जावं लागेल.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. १५४०च्या दशकात जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेज उभं राहिलं आणि ते जेझुइट संघाच्या हाती आलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आला तो याच कॉलेजात. इथे स्थानिक मुलं होती, पोर्तुगीज मुलं होती, आशिया-आफ्रिकेतल्या इतर प्रदेशांतली मुलं होती. आणि शिकायचं होतं लॅटिन. म्हणजे मुंबई विद्यापीठ निघायच्या तीनशे वर्षं आधी, कोकण किनाऱ्यावरची मुलं रोमन लेखक वाचत होती.

ती कशी शिकत होती, हे नीट कळू शकतं, कारण जेझुइटांनी आपली शिक्षणपद्धती लिहून ठेवली. १५९९ मध्ये तिची पक्की नियमावली निघाली आणि जगभरच्या त्यांच्या शाळांना ती लागू झाली. व्याकरणाचे तीन वर्ग: खालचा, मधला आणि वरचा. त्यानंतर साहित्याचा वर्ग, मग वक्तृत्वाचा. व्याकरणाचं पुस्तक बहुतेक ठिकाणी मानुएल आल्वारिश या पोर्तुगीज जेझुइटाचं, १५७२ मध्ये लिस्बनला छापलेलं. पण गंमत अशी, की व्याकरण एकटं कुठल्याच वर्गात शिकवायचं नाही. खालच्या वर्गापासून बरोबर लेखक असायचाच. आणि तो कोणता? सिसेरो. त्याची भाषणं नव्हेत, तत्त्वज्ञानही नव्हे. त्याची पत्रं.

ही निवड मोठी शहाणपणाची आहे. पत्र लहान असतं. त्यात एक माणूस दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगतो, मागतो, रुसतो, शिफारस करतो. तासाभरात एक पत्र पुरं होतं आणि विद्यार्थ्याला वाटतं, आज मी एक आख्खी गोष्ट वाचली. मधल्या वर्गात सिसेरोची मित्रांना लिहिलेली पत्रं आणि ओव्हिडच्या सोप्या कविता. वरच्या वर्गात त्याची भावाला आणि आत्तिकस या मित्राला लिहिलेली पत्रं, मैत्री आणि म्हातारपण यांवरचे त्याचे छोटे ग्रंथ, आणि व्हर्जिलचे निवडक भाग. सीझर, सॅलस्ट, लिव्ही हे इतिहासकार त्याहून वर, साहित्याच्या वर्गात. आजच्या पाठ्यपुस्तकांत सीझर आधी येतो आणि सिसेरो नंतर. त्यांनी उलटं केलं होतं.

आणि वर्गात काय व्हायचं? मास्तर आधी उतारा मोठ्याने वाचायचे. मग त्याचा सारांश थोडक्यात. मग एकेक वाक्य घेऊन त्याचा अन्वय लावायचा, खालच्या वर्गांत मुलांच्या भाषेत अर्थ सांगायचा. मग शब्दांवर, रचनेवर टिपा. शेवटी पुन्हा सगळा उतारा मोठ्याने. दुसऱ्या दिवशी मुलांनी तो पाठ म्हणून दाखवायचा. दहा-दहा मुलांवर एक मोठा मुलगा नेमलेला, तो त्यांचं पाठांतर ऐकायचा. त्याला रोमन सैन्यातलं नाव दिलेलं होतं, 'देकुरियो'. वर्गाचे दोन तट पाडून एकमेकांना प्रश्न विचारायची चढाओढ चालायची.

मंडळी, हे ऐकताना तुम्हाला परकं वाटलं का? मला वाटत नाही. मूळ पाठ, पदच्छेद, अन्वय, अर्थ, टीका, पुन्हा पाठ ही आपल्या पाठशाळेची रीत. मल्लिनाथाची टीका उघडा, हाच क्रम दिसेल. कीर्तनात एक ओवी किंवा एक अभंग घेऊन तासभर निरूपण होतं, त्याचाही साचा हाच. दोन वेगळ्या संस्कृती एकाच रीतीवर आल्या, कारण मधली पायरी चढायला दुसरा जिना नाही. थोडा मजकूर, पुनःपुन्हा, मोठ्याने, आणि शेजारी कोणीतरी सांगणारा.

आता तो माणूस. थॉमस स्टीफन्स, आपल्याकडे ज्याला फादर स्टीफन्स म्हणतात. इंग्लंडच्या विल्टशायरमधला. १५७५ मध्ये रोमला जाऊन जेझुइट संघात शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो गोव्यातच राहिला, मुख्यतः साष्टी तालुक्यात.

गोव्यात येऊन चार वर्षं झाल्यावर, १५८३ च्या ऑक्टोबरात त्याने भावाला एक पत्र लिहिलं. भाऊ पॅरिसला होता, पत्र लॅटिनमध्ये होतं. त्यात तो इथल्या भाषांबद्दल सांगतो, की त्यांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल भाषण केलं ते १७८६ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षं आधी साष्टीतल्या एका पाद्र्याला त्याचा वास लागला होता. ते पत्र छापून उजेडात आलं १९५७ मध्ये, त्यामुळे त्याचा पुढच्या भाषाशास्त्रावर परिणाम झाला असं म्हणता येणार नाही. पण प्रश्न असा पडतो, की तेव्हा गोव्यात शेकडो युरोपीय होते. व्यापारी होते, शिपाई होते, कारकून होते. बाजारात सगळेच इथली भाषा ऐकत होते. रचना सारखी आहे हे यालाच का दिसलं?

माझं उत्तर असं: कारण त्याने एक परकी भाषा मधल्या पायरीपलीकडे शिकली होती. लॅटिन ही त्याचीही मातृभाषा नव्हती. वाक्य कसं उघडायचं, कुठला शब्द कुठल्या शब्दाला धरून आहे, शेवटचा प्रत्यय काय सांगतो, हे त्याने रोमन लेखकांच्या वाक्यांवर वर्षानुवर्षं केलं होतं. ती सवय हाताला लागली की दुसरी भाषा समोर आल्यावर डोळा आपोआप सांधे शोधतो. नुसते शब्द ऐकणाऱ्याला सांधे दिसत नाहीत.

पुढे त्याने काय केलं ते मराठी वाचकाला माहीत आहे. ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' त्याने लिहिलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला, म्हणजे जुन्या रायतूरला, छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नसल्याने रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. त्याचं कोकणी भाषेचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोललाच निघालं, इतर जेझुइटांनी भर घालून. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

व्याकरणात लॅटिनचा साचा दिसतो, हे खरं. नामाच्या विभक्त्या लॅटिनच्या रांगेत बसवलेल्या. काही अभ्यासक म्हणतात, त्याने परका अंगरखा देशी भाषेला घातला. आक्षेप चुकीचा नाही, पण मग आपण स्वतःकडेही पाहावं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं आणि तेव्हापासून आजवर आपण शाळेत मराठीला प्रथमा ते सप्तमी शिकवतो, तो अंगरखा तरी कोणाचा? संस्कृतचा. कुठली तरी शिकलेली भाषा चष्म्यासारखी डोळ्यांवर असतेच. चष्मा आहे हे ध्यानात असलं म्हणजे झालं.

पुराण लिहिताना मात्र स्टीफन्सने लॅटिन महाकाव्याचा साचा घेतला नाही. व्हर्जिल त्याला येत असणार, पण त्याने षट्पदी वृत्ताची नक्कल केली नाही, ओवी उचलली. म्हणजे तो दुसऱ्यांदा मधल्या पायरीवर उभा राहिला होता, या वेळी मराठीच्या. मराठी ग्रंथ वाचून, ऐकून त्याने ती ओलांडली. रोमन लेखकांनी त्याला शिकवलं ते हे, की ज्या भाषेत लिहायचं तिचेच ग्रंथ आधी वाचावे लागतात.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग. तो टाळून हा इतिहास सांगणं म्हणजे अर्धं सांगणं.

स्टीफन्सला मराठी ग्रंथ सहज मिळाले नसणार, कारण त्याच गोव्यात सत्तेने देवळं पाडली होती आणि देशी भाषांतले धर्मग्रंथ जाळले होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. एका बाजूला इथल्या भाषेत पुराण लिहिणारा, व्याकरण रचणारा माणूस. दुसऱ्या बाजूला ती भाषाच बंद करणारा हुकूम. आणि या दोन्हींच्या मध्ये वर्गात बसून सिसेरोची पत्रं पाठ करणारी गोव्याची मुलं.

त्या मुलांचं पुढे काय व्हायचं? लॅटिन हे दार होतं. ते उघडलं की पाद्री होता येई, थोडा मान, थोडी सत्ता मिळे. पण वरची दारं बंद होती. जेझुइट संघाने भारतीयांना सदस्य म्हणून घेणं फार काळ टाळलं. दिवाडी बेटावरचा मातेउश दे काश्त्रू याची कथा त्यासाठी पाहण्यासारखी आहे. गोव्याच्या आर्चबिशपकडे याला दीक्षा मिळेना, म्हणून हा माणूस थेट रोमला गेला. तिथे शिकला, पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परत आला. लॅटिन चर्चचा बिशप झालेला तो पहिला भारतीय. गोव्यातल्या अधिकाऱ्यांशी त्याचं भांडण आयुष्यभर चाललं. ज्या भाषेच्या जोरावर त्याला खाली ठेवलं जात होतं, तीच भाषा घेऊन तो वरच्या दरबारात जाऊन उभा राहिला.

साहित्याच्या वर्गात कुर्तियस हा रोमन इतिहासकारही वाचायला असे. त्याने अलेक्झांडरची स्वारी लिहिली आहे, आणि तिच्या आठव्या पुस्तकात हिंदुस्थानचं वर्णन आहे, पौरसाची लढाई आहे. मांडवीच्या काठावर बसलेलं एक पोर आपल्याच देशाबद्दल एका रोमन माणसाने लिहिलेलं वाचतं आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. थोरला प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो, की हिंदुस्थान दरसाल आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो. मसाले, मोती, कापड यांपायी रोमचं चांदी-सोनं इकडे येत होतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती त्याच काळाची साक्ष आहे. प्लिनीची ही तक्रार भाषांतरात वाचली तर आकडा कळतो. मूळ लॅटिनमध्ये वाचली, तर त्यातला वैताग कळतो.

भाषेच्या दारावर कोण उभं असतं, हा प्रश्न फक्त गोव्याचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं. सुरुवातीला परीक्षेला दुसरी भाषा म्हणून मराठी चालत होती. पुढच्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा गेल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा आल्या: संस्कृत, लॅटिन, फारसी, अरबी वगैरे. या धोरणामागे सर अलेक्झांडर ग्रँट होते, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची त्यांची आवृत्ती आमच्या तत्त्वज्ञानाच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. विद्वान माणूस, पण मराठीला विद्यापीठात परत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावं लागलं. आणि याच व्यवस्थेत पुढे शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत नाकारलं गेलं. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतः मिळवलं. मूळ ग्रंथ स्वतः वाचायचेच, ही त्यांची जिद्द होती, कारण जो ग्रंथ आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते आपल्याच भंडाऱ्यातून उभे होते. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. आपण त्यांना निवडून दिलं नाही, हेही या निमित्ताने आठवावं.

आता दुसरा एक वाचक, जो पुढे आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिला. मोहनदास गांधी लंडनला बॅरिस्टर व्हायला गेले, तेव्हा त्यांनी लंडनची मॅट्रिक द्यायचं ठरवलं. तिला लॅटिन सक्तीचं. पहिल्या खेपेला ते लॅटिनमध्ये नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. बॅरिस्टरीला रोमन कायद्याचा पेपर असे. नेमलेली पुस्तकं फारसं कोणी वाचत नसे. टिपणं घोकून दोन आठवड्यांत पास होणारे पुष्कळ होते. हे गांधींनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्यांना मात्र वाटलं, पुस्तकांवर पैसे घातले आहेत, तर न वाचणं ही फसवणूक होईल. म्हणून त्यांनी रोमन कायदा मूळ लॅटिनमध्येच वाचायचं ठरवलं.

त्यांनी जस्टिनियन वाचला. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये कायद्याची एक प्रवेशिका काढली, चार भागांची, खास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. तिची लॅटिन सरळ आहे, वाक्यं आटोपशीर. मधल्या पायरीवरच्या माणसाला सिसेरोच्या पत्रांइतकाच योग्य असा हा ग्रंथ. आणि त्याचा उपयोग? गांधी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथला कायदा रोमन-डच, म्हणजे मुळात रोमन. टिपणं घोकून पास झालेल्यांना जे कधी लागलं नसतं ते यांना तिथे उपयोगी पडलं, आणि तसं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तिथे जे सुरू झालं ते पुढे या देशाचा इतिहास झालं. मी असं म्हणत नाही की लॅटिनने सत्याग्रह घडवला. मी एवढंच म्हणतो, की 'परीक्षेपुरतं' आणि 'मुळातून' या दोन वाटांमधून एका तरुणाने दुसरी निवडली, आणि ही सवय त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्यात दिसते.

आता आपल्याकडे वळू. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण आनंद केला, करायलाच हवा. पण अभिजात भाषा म्हणजे जिचे जुने ग्रंथ वाचले जातात ती. तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र' आपल्या विदर्भातलं, रिद्धपूरच्या परंपरेतलं. त्याचं एक पान आपल्या घरातल्या बी.ए. झालेल्या मुलासमोर ठेवा. शब्द अर्धे ओळखीचे, वाक्य उघडत नाही. म्हणजे काय? म्हणजे आपल्याच भाषेच्या मधल्या पायरीवर आपली मुलं अडकली आहेत. आणि आपण त्यांना देतो काय, तर गाईड आणि प्रश्नसंच.

पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, स्तूप सापडला, शिलापट्टांवर ब्राह्मी अक्षरांत प्राकृत लेख निघाले. पवनी इथून किती लांब? ते लेख वाचू शकणारी माणसं आपल्या दोन जिल्ह्यांत मिळून बोटांवर मोजता यावीत अशी माझी भीती आहे. झाडीबोलीचं तेच. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही, म्हणून तिला अशुद्ध म्हणायचं, आणि दंडार बघायला रात्रभर बसायचं! लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला 'स' जाऊन तिथे 'र' आला, 'फ्लोस'चं 'फ्लोरिस' झालं. त्याला विद्वान नियम म्हणतात. आपल्या आजीच्या तोंडात 'ळ'चा 'र' झाला तर तो अडाणीपणा? भाषा मुळातून शिकलेला माणूस असं म्हणणार नाही.

माझं सांगणं इथे संपतं. वेळ आहे, प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आमच्याकडे लॅटिन शिकवणारं कोणी नाही. घरी बसून ही पायरी चढता येईल का?

उत्तर: येईल, पण क्रम पाळा. वर्षभर व्याकरण झालं की फेड्रसच्या प्राणिकथा घ्या. तो गुलामगिरीतून सुटलेला माणूस होता, लहान लहान पद्यकथा आहेत, आणि पंचतंत्र वाचलेल्याला कोल्हे-लांडगे ओळखीचेच. मग युट्रोपियस, त्याने रोमचा सगळा इतिहास दहा लहान भागांत सोप्या भाषेत सांगितला आहे. मग नेपॉस, त्याच्याकडे हॅनिबलचं चरित्र आहे. मग सीझर किंवा सिसेरोची पत्रं. रोज दहा ओळी, जास्त नको. पण त्या दहा ओळी तीनदा मोठ्याने वाचायच्या, आणि उद्या नव्या ओळींआधी कालच्या पुन्हा.

प्रश्न: उच्चार कसा करायचा? कोणी सिसेरो म्हणतं, कोणी चिचेरो.

उत्तर: आणि तो स्वतः म्हणत असणार 'किकेरो'. चर्चमध्ये चिचेरो, इंग्रजीत सिसेरो. कुठलाही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळा. आपल्याला मात्रा मोजायची सवय आहे, ती तिथे कामी येते.

प्रश्न: भाषांतर शेजारी ठेवून वाचलं तर चालेल का? आणि आता तर मोबाईल क्षणात अर्थ सांगतो.

उत्तर: चालेल, फक्त क्रम महत्त्वाचा. आधी स्वतः अन्वय लावा, चुकीचा का होईना. कागदावर लिहा. मग भाषांतर उघडा आणि आपण कुठे घसरलो ते पाहा. भाषांतर आधी पाहिलं तर डोळा मूळ ओळीवरून नुसता फिरतो, काम करत नाही. धान रोवणारी बाई शेजारच्या बांधीत बघून शिकते, हे खरं. पण चिखलात हात तिला स्वतःलाच घालावा लागतो.

प्रश्न: शेवटचा. लॅटिन नको, आमच्या मुलांनी यातून घ्यायचं काय?

उत्तर: घरात ज्ञानेश्वरी असेल तर रोज पाच ओव्या. नसेल तर ग्रंथालयातून 'लीळाचरित्र' आणा आणि एक लीळा घ्या, लहान असते, सिसेरोच्या पत्राएवढी. मोठ्याने वाचा, अडलं तिथे थांबा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुष्कळदा पुस्तकातला अडलेला शब्द आजीच्या बोलण्यात जिवंत असतो. तो सापडला की वहीत लिहून ठेवा, तारीख घालून.